बाजाराच्या दिवसाची गोळी

निमगाव सावा
मंगळवार, २१ जानेवारी

आरतीबाय,

पयला आला तो म्हस्कूमामा. पावण्यांच्या आधी चांगला तासभर. सोयरीक जमवणाऱ्यानं कसं पावण्यांच्या गाडीत बसून रुबाबात यावं, पण ह्याला दम कुठला! अंगणात पाय ठेवला आन वरडला, "तुकाबाय, पावण्यांनी येडगाव सोडलं, चा ठेव." येडगाव काय वढ्याच्या पलीकडं हाय व्हय? मी ठेवला. तासभर उकळून त्याचा काढा झाला, आन तो सगळा त्यानंच पेला.

मग पावणं उतरलं. पोरीचा बाप सुभाष, गरीब गाय. आन पोरीची आई झुंबरबाई. तिनं बसायच्या आधी छप्पर बघितलं, वाघराच्या जाळीतली मेंढरं बघितली, पिकअपच्या टायरला पायानं दाबून बघितलं. आन मग तुझ्या भावाच्या, गोकुळच्या, हाताकडं बघत बसली. त्यानं अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला व्हता. अर्ध्या बाह्यांचा, आरती! भर वैशाखात मनगटाची बटनं लावणारं आपलं पोर!

झुंबरबाई नवऱ्याला म्हणाली, आमाला ऐकू जाईल अशी, "अवो, नुसतं तोंड बघून भागत नाय. हात बघा. लपवायसारखं काय नसलं की माणूस हात उघडं ठेवतो." मला आसं हसू फुटलं की चुलीत फुंकर मारायचं निमित्त सांगून आत पळाले. घरात ग्यास आलाय आता. फुंकर कशाला मारायची? पण पावण्यांना काय म्हाईत.

तू गेलीस त्याला पाच वर्सं झाली. तवा त्याचं अंग कसं व्हतं ते तू बघितलंय. कोपरं, गुडघं, पाठ, डोकं, सगळीकडं लाल चट्टं आन वर पांढरी खवलं. सकाळी वाकळ झाडली की अंगणात कोंडा पडायचा. शाळेत पोरं त्याच्या हातचं पाणी घेत नव्हती. महारोग म्हणायची. तो महारोग नाय, सोरायसिस हाय, लागत नाय कुणाला, हे तू बापाला घसा फोडून सांगायची. आता ये आन बघ. पाठ कशी कवळ्या काकडीवानी.

हे सगळं नारायणगावच्या म्याडम डॉक्टरच्या गोळीनं केलं. दोन दिवाळ्या झाल्या. पयल्यांदा गेलो तवा तिनं अंग बघितलं आन सोनोग्राफी करायला लावली पोटाची. मी म्हणाले, आवो खाज कातडीला, फोटू पोटाचा? तर म्हणाली, "आज्जी, हा आजार एकटा राहत नाही. अशा तरुण मुलांना बऱ्याचदा लिव्हरवरही चरबी चढते. याच्या चढली आहे. वजन कमी करा, तूप-साखर कमी करा." आता मला सांग. माझा जन्म मेंढरात गेला. कापलेल्या बकऱ्याच्या कलेजीला चरबी दिसली की आमी म्हणायचो, जनावर सुखात व्हतं. पोर सुखात हाय म्हणून दुखणं काढायचं का? मी तूप चालूच ठेवलं. दिवसभर हुबं ऱ्हायचा धंदा त्याचा.

गोळी मात्र तिची खरी. बारीक, पिवळी. आठवड्यातून एकच, एक वार धरा आन चुकू नका म्हणाली. मी म्हणाले बाजाराच्या दिवशी देईन, म्हंजे ध्यानात ऱ्हातंय. तवा गोकुळ दावी, कासरे, घुंगरमाळा घिऊन बेल्ह्याचा सोमवार तेवढा करायचा. भाकरीच्या फडक्याच्या टोकाला मी गोळी बांधून द्यायची, त्यानं जेवल्यावर घ्यायची. मागल्या पाडव्याला पिकअप घेतली आन धंदा लई वाढला बघ. सोमवारी बेल्हं, गुरवारी ओतूर, शनवारी नारायणगाव, रयवारी जुन्नर. चार बाजार! आन म्हातारी झाले तरी एकदा बी फडक्याची गाठ विसरले नाय मी. तिथनं पुढं तर अंग झराझरा साफ झालं. दर महिन्याला रगत तपासायला बोलावलं व्हतं, ते दोनदा केलं. मग कुणाला येळ? गोळ्या मेडिकलवाला जुनी पट्टी दाखवली की देतो.

पावण्यांना मी आजाराचं काय बोलले नाय. गेलेलं दुखणं कशाला सांगायचं.

पोरीचं नाव मोहिनी. पसंत हाय म्हणून निरोप आला संध्याकाळी. हे पत्र रामनाथला, तुझ्या बापाला, म्हाईत नाय. तू मलमाचं पार्सल धाडलं व्हतं त्याच्या पुठ्ठ्यावरचा बडोद्याचा पत्ता मी कापून ठेवला व्हता.

तुझी आज्जी


निमगाव सावा
मंगळवार, ११ फेब्रुवारी

आरतीबाय,

साखरपुडा झाला. लगीन आखितीला, एप्रिलच्या शेवटाला. मोहिनीला हिरवी साडी घेतली, अंगठी घातली, नारळ दिला. पोरगी मान वर करून बघते, मला आवडली. गोकुळला इचारलं तिनं, सगळ्यांच्या देखत, "तुमी बाजारात बसता तर घुंगरं वाजवून गिऱ्हाईक बोलावता का?" हा लाजला. म्हणाला, "घुंगरं वाजवायला बैल लागतो." ती म्हणाली, "मग आता आखितीला मिळंल की." आसं हसले लोक! झुंबरबाईनं पोरीच्या मांडीला चिमटा काढला तो मी बघितला.

माझ्या जिवाला सगळ्यात मोठा घोर हळदीचा व्हता. नवरदेवाला उघडं बसवत्यात, सगळी भावकी हळद लावायला हात घालती. म्हणून तर वरसानुवरसं तो लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. मला म्हणायचा, "आज्जे, लगीन करीन पण हळद नको." आता परवा आंघोळ करून पाठ पुसायला माझ्याकडं आला आन म्हणाला, "लाव म्हणावं किती हळद लावायची ती." मी रडलेच.

आता वाईट असं काय नाय, पण सगळं सांगते, तू नर्स हायेस. त्याचं तोंड आलंय. जीभ, गाल, सगळं लालभडक, तिखट सोसत नाय. मी शेळीचं दूध आन तूप देते. ज्वारीची कण्यांची पेज देते. वजन उतरलंय, ते म्याडमनी सांगितलंच व्हतं, म्हंजे बरंच झालं. पोट तेवढं पुढं आलंय. रामनाथ म्हणाला, सासुरवाडीच्या पुरणाला जागा करतोय. नाकातनं रगत आलं एकदा ओतूरच्या बाजारात, तो ऊन लागला म्हणाला. फेब्रुवारीत कसलं ऊन, पण पिकअपच्या काचेतनं लागत असंल. दुकान लावायच्या आधी पोत्यांवर आडवा होतो म्हणं. मी इचारलं तर म्हणाला, "चार चार बाजार हायेत आज्जे, दमणारच की."

तोंड आलंय म्हणून म्हणाला, गोळी नको आज. मी रागावले. म्हणाले, लगीन तोंडावर आन गोळी सोडतोस? एक चट्टा उठला पाठीवर तर झुंबरबाई दारात हुभी ऱ्हायची नाय. तवा घेतली. गुणाचं हाय ग पोर. तुझ्यावानी हट्टी नाय.

हळदीला तू पायजेस. करवली नसली तर कोण बसणार भावाच्या पाठीशी? रामनाथला मी बघते. तो तुझं नाव घरात घेऊ देत नाय हे खरं. जातीबाहेरचं लगीन केलंस म्हणून त्यानं तुझ्या नावानं आंघोळ केली, हे बी खरं. पण परवा मेंढराला पाणी दाखवताना आपसूक तुला हाक मारली त्यानं. म्हणाला, "आरते, सोड ती मेंढी." मग मीच मेंढी सोडली.

जावयाला बी आण. मी बघितलं नाय त्यांना.

आज्जी


निमगाव सावा
बुधवार, ५ मार्च

आरतीबाय,

थोडं काळजीचं लिहिते, पण घाबरू नको, सगळं नीट होणार हाय.

गोकुळ पिवळा झाला. डोळं हळदीवानी. जुन्नरच्या बाजारातनं त्याला लोकांनीच पिकअपमधी घालून आणला, गाडी दुसऱ्यानं चालवली. पोट ढोलासारखं, पाय सुजलेलं. कावीळ म्हणून आमी आधी गळ्यात माळ घालणाऱ्याकडं नेला, ती माळ गुडघ्यापतोर वाढली की कावीळ उतरती. माळ वाढली. हा रगत वकला.

मग पुण्याला नेला, मोठ्या दवाखान्यात. आठ दिवस झालं. मी परवा आले घरी, मेंढरं कोण बघणार. तिथं त्याच्या पोटातनं सुईनं पाणी काढलं. दोन बाटल्या. गोकुळ मला म्हणतो, "आज्जे, हौद फुटला."

डॉक्टर म्हणालं, लिव्हर गेलंय. कडक झालंय, आकसलंय. आता गावाला दुसरं काय म्हाईत? लिव्हर म्हंजे दारू. साळुबाई, ती पलीकडची, भांडं मागायच्या निमित्तानं आली आन म्हणाली, "बाजाराचा धंदा वाईटच. संगतीनं लागतीच की." मी म्हणाले, "तुझ्या घरात लागलीय तेवढी बास हाय गावाला." भांडं दिलं नाय.

पण रामनाथच्या डोक्यात बी तेच बसलं. पिकअपची सीट उचकटून बाटल्या शोधल्या त्यानं. मिळाल्या काय, तर दोन सरबताच्या आन एक फिनेलची. तरी त्याचं समाधान झालं नाय. दवाखान्यातनं मधी दोन दिवस घरी सोडला व्हता गोकुळला, तवा देवाऱ्यापुढं बसवला आन बेल-भंडारा उचलायला लावला. आपल्यात बेल-भंडारा उचलला की पुढं बोलणं नाय, तुला ठाव हाय. भंडारा सगळा पोराच्या मांडीवर सांडला. म्हणाला, "कधी थेंब घेतला असंल तर हा खंडोबा मला हितंच उचलू दे." रामनाथ उठून भिंतीला तोंड करून हुभा ऱ्हायला.

मी दाराच्या आडोशाला व्हते. मला कुणी बेल-भंडारा उचलायला सांगितला नाय. कशाला सांगतील म्हातारीला.

डॉक्टरनं इचारलं व्हतं, कुठली गोळी-औषध चालू हाय का. मी म्हणाले, खाजंची हाय एक साधी. पट्टी आणा म्हणाले. मी म्हणाले संपली.

पट्ट्या हायेत घरात. बाजरीच्या कणगीत खाली ठेवल्यात. तुला म्हणून लिहिलं.

पावण्यांना काविळीचं कळवलंय. झुंबरबाईचा फोन आला, म्हणाली पथ्य पाळा, लिंबू द्या. बोलली बाई चांगलं.

आज्जी


पुणे, दवाखान्याच्या आवारात
शनिवार, १५ मार्च

आरती,

हे पत्र बाकावर बसून लिहिते. वही शेजारच्या खाटंपाशी बसणाऱ्या बाईनं दिली. अक्षर वाकडं येतंय.

काल शिमग्याची धुळवड. दवाखान्यात कुणी रंग आणला नाय, एका शिकाऊ डॉक्टरच्या कानामागं तेवढा गुलाबी ऱ्हायला व्हता. कवळं पोर, गोकुळच्याच वयाचं. बसलं त्याच्या खाटंवर आन सगळं पयल्यापासनं इचारायला लागलं. कातडीची गोळी किती घ्यायचास? गोकुळ म्हणाला, एक. रोज? नाय, बाजारच्या दिवशी. पोर म्हणालं, हां, म्हणजे आठवड्याला एक, बरोबर. लिहून टाकलं त्यानं. उठलं बी. मला वाटलं सुटले.

मग माघारी वळून म्हणालं, "तू आठवड्यात बाजार किती करतोस?"

गोकुळ म्हणाला, "चार."

त्या पोरानं पेन खाली ठेवला. मग म्हणालं, "किती दिवस?" गोकुळ म्हणाला, "मागल्या पाडव्यापासनं."

पाडवा आता पंधरा दिवसांवर आलाय बघ.

मोठ्या डॉक्टरनं मला बसवून सांगितलं, रागावला नाय. रागावला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "आज्जी, हा सोरायसिस नुसता कातडीचा नसतो. शरीरात आतून सूज असते. तीच कातडीवर दिसते आणि तीच लिव्हरवर चरबी चढवते. पंचविशीतल्या मुलांमध्येही आम्ही बघतो. दारूचा काही संबंध नाही. याचं लिव्हर आधीच नाजूक होतं. म्हणून ही गोळी आठवड्याला एकच द्यायची आणि रक्त तपासत राहायचं. जास्त झाली की कातडी साफ दिसते, आणि आत जळत जातं."

कातडी साफ दिसती. मी पाठ पुसत व्हते, आन रडत व्हते आनंदानं.

तुला खरं सांगते, मला म्याडमचं ऐकू आलं व्हतं. आठवड्यातून एकच म्हणाली. मला म्हाईत व्हतं. पिकअप आली, बाजार वाढलं, आन पयल्या गुरवारी ओतूरला निघाला तवा मी फडक्याची गाठ मारताना थांबले व्हते. वाटलं, सोमवारीच दिलीय. मग वाटलं, बाजारच हाय की, आन लवकर बरा होईल. एवढंच. तेवढ्यात त्यानं हॉर्न मारला आन मी गाठ मारली.

रामनाथनं इचारलं, गोळ्या कुणी दिल्या एवढ्या. गोकुळ म्हणाला, "माझ्या मनानं घेतल्या. लगीन व्हायचं व्हतं." माझ्याकडं बघितलं बी नाय त्यानं. आन मी शेवग्याच्या शेंगांचं काय तरी बोलले, दवाखान्याच्या जेवणात चांगल्या नसत्यात म्हणून.

आता दुसरं. लिव्हर बदलावं लागंल म्हणालं. घरातल्या माणसानं आपल्यातलं थोडं द्यायचं, ते वाढतं म्हणं परत. रामनाथ लगेच शर्ट काढून बसला. तपासलं, तर त्याच्यात बी चरबी. माझं वय बसत नाय, तुमची आई तर कवाच गेली. डॉक्टर म्हणाला, "सख्खा भाऊ, बहीण कुणी?"

रामनाथ म्हणाला, "नाय."

मी तिथंच व्हते आरती. गोकुळला नंतर म्हणाले, ताईला फोन करू. तो म्हणाला, "पाच वर्सं कशी हाय म्हणून इचारलं नाय. आता लिव्हर मागायला फोन करू व्हय? आन नंबर बी नाय."

म्हणून मी लिहिते. मी मागते. तो मागत नाय, मी मागते. तू ये. हे पत्र मिळाल्याबरोबर ये. बाप काय म्हणंल ते माझ्या अंगावर. तू दोन वर्सांमागं मलमाबरोबर चिठ्ठी घातली व्हतीस, ती रामनाथनं चुलीत घातली, मला वाचू दिली नाय. त्यात गोळीचं काय लिहिलं व्हतं का ग? नको सांगू.

गोकुळनं आज सकाळी अर्धी इडली खाल्ली. मला इतका आनंद झाला की त्या शेजारच्या बाईला बी सांगितलं.

तुकाबाई, तुझी आज्जी


निमगाव सावा
शनिवार, २२ मार्च

आरतीबाय,

गेणू पोस्टमननं तुला धाडलेलं जानेवारीतलं पत्र माघारी आणून दिलं. वर शिक्का हाय, ह्या पत्त्यावर आता कुणी ऱ्हात नाय म्हणून. उन्हातानाचा बडोद्यापतोर जाऊन आला कागद, आन फाटला बी नाय बघ. म्हंजे बाकीची बी येतील एकेक. तरी लिहिते. लिहायची सवय लागली. तू कुठंतरी असशीलच.

त्या कामासाठी आता येऊ नको. घाई नाय. त्याच्या पोटातल्या पाण्यात पू झाला, रगतात गेला. डॉक्टर म्हणालं, आता बदलायचं बी काय होणार नाय, अंग सोसायचं नाय. घरी न्या म्हणालं. परवा आणला. पुढच्या खोलीत खाट टाकलीय, तिथनं त्याला रस्ता दिसतो. झोपतो सारखा. मधीच काय तरी बोलतो, गिऱ्हाईकाशी बोलल्यावानी, "घे मावशी, कासरा चांगला हाय, सुताचा हाय." मी म्हणते, घेते बाबा. आज दोन चमचं पेज घेतली, आन ती पोटात ऱ्हायली! मी अंगणात येऊन मेंढरांना सांगितलं.

त्याला गाडीतनं उतरवताना पाठ बघितली. चट्टं परत उठायला लागल्यात, गोळी बंद झाली ना. पयला कोपरावर आला. मी त्याला मलम लावलं. काय सांगू, मला ते बघून बरं वाटलं.

आज सकाळी पावणं आलं. म्हस्कूमामा आला नाय. झुंबरबाई आन सुभाषच. गोकुळला डोळा लागला व्हता, मी त्यांना मागल्या पडवीत बसवलं. झुंबरबाईनं ह्या बारीला छप्पर बघितलं नाय, खाली मान घालून बसली. म्हणाली, "मावशे, आमी काय वैरी नाय. पण लिव्हर गेलंय आसं कळलं. दारूचं आधी सांगायचं व्हतं. पोरीचा जल्म व्हता."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं आरती, पयल्यांदा, मोठ्यानं. म्हणाले, दारू नाय. त्याला कातडीचा आजार व्हता, तुमच्यापासनं लपवला तो मी लपवला. त्याच आजारानं लिव्हर नाजूक झालं व्हतं, आन त्यावर मी आठवड्याची गोळी चारदा दिली, वरीसभर, ह्या हातानं. पोर बिनदोष हाय. मीच मारलं त्याला. रामनाथ दारात हुभा व्हता, त्यानं बी ऐकलं.

झुंबरबाईचं डोळं भरलं. माझा हात धरला तिनं. म्हणाली, "मावशे, नातवासाठी किती अंगावर घेशील ग."

मी म्हणाले, खरं सांगते बाय, पट्ट्या दाखवते. कणगीपाशी गेले, बाजरी उपसली. रामनाथनं येऊन माझं खांदं धरलं आन म्हणाला, "आई, बास. त्यानं सोताच सांगितलंय, गोळ्या त्याच्या मनानं घेतल्या. कातडीनं कुठं लिव्हर जातंय? लोकं हसत्यात. तुझं डोकं फिरलंय आता." आन सुभाषला म्हणाला, "म्हातारीचं मनावर घेऊ नका." पट्ट्या माझ्या हातात व्हत्या. रिकाम्या. कुणी घेतल्या नायत.

सुभाष गरीब माणूस, निघताना म्हणाला, साडी, अंगठी, नारळ, सगळं घडी मोडल्याबिगर परत आणून देतो, रीतसर, चार माणसांत. नारळाला कोंब आलाय म्हणं, तो बी आणू का? झुंबरबाई म्हणाली, गप बसा. मोहिनी रडती का मी इचारलं. म्हणाली, जेवत नाय, पण जेवंल.

गाडीचा आवाज ऐकून गोकुळ जागा झाला. "कोण आलं व्हतं, आज्जे?"

"पावणं."

"येडगावचं?" उठून बसायला लागला, मी धरला. अंगात हाडं तेवढी ऱ्हायलीत, आन पोट. "मग मला का नाय उठवलं? काय म्हणालं?"

"येतो म्हणालं परत."

हसला ग. पिवळं पिवळं हसला. "तारीख पुढं ढकला म्हणावं. आखितीला नाय व्हायचं माझ्यानं. जेष्ठात धरा." मी म्हणाले, हां, जेष्ठात धरू. म्हणाला, "कधी येणार हायेत?"

मी सुभाषनं दिलेला वार सांगितला. तो बोटं मोजत बसला, आन मोजता मोजताच झोपला.

बुधवारी येणार हायेत. सव्वीस तारखेला, जेवायच्या आधी.

आज्जी